विषाणूबाधित दात्याचे मूत्रपिंड घ्यावे काय? आईच्या एका अहवालावरून पडलेले प्रश्न

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. येथे बहुधा वाचनच करतो, लिहिण्याचा प्रसंग क्वचित येतो. परंतु गेल्या महिन्यापासून घरात जो पेच पडला आहे तो घरातल्या घरात सुटण्यासारखा नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊन एकोणीस महिने झाले. डॉक्टर आठवड्यातून तीन डायलिसिस सांगतात, आम्हाला दोनच जमतात, कारण अमरावतीला जाऊन येण्यात आणि चार तास यंत्राला लावून पडण्यात अख्खा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याने दुकान उघडवत नाही. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, आहे. त्या हाताने तो आता तांब्याची तार ओढत नाही, आणि लहान पोराने खेळताना तो हात धरला तरी माय स्वयंपाकघरातून ओरडते.

मूत्रपिंड देणार असे मायने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. तिचे वय ५७, रक्तगट ओ, भावाचा बी. म्हणजे तिचे त्याला चालते. रक्तदाब बरा, साखर बरी. सगळे जुळत आले असताना विषाणूंच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. आधी प्रतिपिंडांची चाचणी आली, मग आरएनएची, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंशच शोधणारी, झाली, आणि विषाणू रक्तात प्रत्यक्ष वाढत असल्याचे त्यात स्पष्ट झाले. मायला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही. भाऊ १९९३ साली जन्मला तेव्हा बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता आणि तालुक्याच्या गावी दोन बाटल्या रक्त चढवले होते, एवढी एकच गोष्ट आम्हाला आठवते.

ज्या ठिकाणी हा अहवाल मिळाला तेथील कर्मचाऱ्याने फाइलच्या वरच लाल शाईने ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ असे ठळक लिहिले आणि ती फाइल टेबलावर तशीच उघडी ठेवली. रांगेत आमच्याच गावचे दोघे उभे होते. चार दिवसांत गावात मायच्या हातचे पाणी पिताना लोक विचार करू लागले, हे वेगळे सांगायला नको. ती त्याबद्दल काही बोलली नाही. रात्री भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, “त्याले जल्म देतानीच मले हे लागलं, अन् आता त्याच्याच कामी मी येत नाई म्हणता?”

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मायचे मूत्रपिंड आता कायमचे बाद झाले काय? आणि भावाचे नाव नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नोंदवताना रुग्णालयाच्या समन्वयकाने विचारले होते की, एखाद्या मेंदूमृत दात्याला असा संसर्ग असेल तर त्याचे मूत्रपिंड घेण्याचा विचार तुम्ही कराल काय. भाऊ लगेच हो म्हणाला, त्याची पत्नी साफ नाही म्हणाली, आणि मी आठ दिवसांची मुदत मागून आलो आहे.

काविळीचा_वैद्य

गुरुजी, आधी आईंचे पाहू, कारण त्यांचे उत्तर सोपे आहे. त्यांचे मूत्रपिंड बाद झालेले नाही. सध्या थांबलेले आहे. हिपॅटायटिस सी हा पूर्ण बरा होणारा विषाणू आहे. तो मुख्यतः यकृताच्या पेशींत वाढतो, आणि त्याला हिपॅटायटिस बीसारखे पेशीच्या केंद्रात घर करून राहता येत नाही. म्हणूनच बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, तेव्हापासून या गोळ्या सरकारी उपचार केंद्रांतून विनामूल्य मिळतात. यकृत जून झालेले नसेल, म्हणजे सिरोसिस नसेल, तर साधारणपणे सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर ही जोडी देतात. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून आरएनएची चाचणी पुन्हा करायची. ती निरंक आली की रोग बरा झाला असे आम्ही लिहून देतो. त्यानंतर यकृताची स्थिती चांगली असेल तर त्यांचा दाता म्हणून नव्याने विचार करता येतो. सगळे मिळून सहा महिने धरा.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा घाबराल. प्रतिपिंडांची चाचणी बरे झाल्यावरही पुष्कळदा जन्मभर पॉझिटिव्हच येत राहते. प्रतिपिंड ही शरीराने ठेवलेली नोंद आहे, विषाणू नव्हे. एखाद्या नवख्या माणसाने तो कागद पाहून आईंना पुन्हा नाकारले तर आरएनएचा अहवाल पुढे करा.

१९९३ च्या रक्ताबद्दल मात्र खात्रीने काही म्हणू नये. हा विषाणूच मुळी १९८९ साली ओळखला गेला, त्या शोधासाठी २०२० चे नोबेल मिळाले, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. परंतु त्या काळात काचेच्या सिरिंजा उकळून उकळून वापरल्या जात, हेही विसरू नका. आईंना हे असेच सांगा. मुलाच्या जन्माशी हा रोग बांधून टाकण्याचे कारण नाही.

आणि पाणी पिण्याबद्दल: हा विषाणू ताटा-पेल्यातून, भाकरीतून, एकत्र राहण्यातून पसरत नाही, रक्तातून रक्तातच जातो. दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा.

रक्तपेढीतली

वैद्यांनी दोन चाचण्यांतला फरक सांगितलाच आहे, मी प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालते, कारण गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचा निम्मा भाग त्यातच आहे.

‘दात्याला संसर्ग आहे’ या तीन शब्दांखाली निदान तीन वेगवेगळ्या अवस्था झाकलेल्या असतात. प्रतिपिंडे आहेत पण आरएनए नाही, म्हणजे संसर्ग होऊन गेलेला. अशा दात्याच्या मूत्रपिंडातून हिपॅटायटिस सी जाण्याची शक्यता नगण्य असते. प्रतिपिंडेही आहेत आणि आरएनएही आहे, म्हणजे संसर्ग चालू आहे. येथे घेणाऱ्याला तो होणारच असे धरून चालावे लागते. तिसरी अवस्था फसवी असते: संसर्ग आठ-दहा दिवसांपूर्वीचाच, त्यामुळे आरएनए आहे पण प्रतिपिंडे अजून तयारच झालेली नाहीत. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे दिसायला दोन महिने किंवा अधिकही लागू शकतात, तर नॅट चाचणीत, म्हणजे आरएनए थेट शोधणाऱ्या चाचणीत, विषाणू आठवडाभरात सापडू शकतो. नुसत्या प्रतिपिंडांवर विसंबणाऱ्या ठिकाणी हा तिसरा दाता ‘निर्दोष’ म्हणून पुढे जातो. मला विचाराल तर उघड संसर्ग असलेल्या दात्यापेक्षा या तिसऱ्याची मला जास्त धास्ती वाटते, कारण उघड संसर्ग असलेल्यासाठी औषध तयार ठेवलेले असते.

आणखी एक बारकावा आहे. आपल्याकडचे पुष्कळसे मेंदूमृत दाते रस्ते अपघातांतले असतात. त्यांना शेवटच्या तासांत बाहेरचे रक्त आणि सलाइन इतके दिलेले असते की त्यांच्या स्वतःच्या रक्तातील प्रतिपिंडे पातळ होऊन चाचणी खोटी निरंक येऊ शकते. म्हणून दाखल करताना, रक्त चढवण्यापूर्वी घेतलेला नमुना शिल्लक आहे काय, हे विचारले जाते. तालुक्याच्या रुग्णालयातून पुढे पाठवलेल्या रुग्णाबरोबर ती छोटीशी नळी आली असेल तर तिचे मोल फार असते.

निंबाचा_पार

मी या विषयातला जाणकार नाही, पण मनात आले ते स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्या अवयवात जिवंत विषाणू आहे तो नागपूर-मुंबईच्या पैसेवाल्याला कोणी देऊ करेल काय? डायलिसिसने थकलेला, कर्जात बुडालेला खेड्यातला माणूस कशालाही हो म्हणतो. गुरुजींच्या भावाने लगेच होकार दिला, त्यातच सर्व आले. निरोगी माणसाच्या अंगात जाणूनबुजून रोग घालायचा आणि मग औषध द्यायचे, हे मला पटत नाही. औषध बाराव्या दिवशी संपले आणि पुढचा साठा आला नाही तर? सरकारी दवाखान्यात कुत्रा चावल्याची लस संपलेली असते, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो.

शिवाय आमच्या खारपाणपट्ट्यात इतक्या लोकांच्या किडन्या का जात आहेत, ते आधी कोणी शोधावे.

काविळीचा_वैद्य

निंबाचा पार यांच्या प्रतिसादातला खाऱ्या पाण्याचा भाग वेगळ्या धाग्याचा आहे, तो येथे नको. बाकीचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

हा प्रकार गरिबांपासून सुरू झालेला नाही. अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तरुण माणसे मोठ्या संख्येने मरू लागली. त्यांची मूत्रपिंडे, हृदये उत्तम असत, पण सुयांमुळे पुष्कळांना हिपॅटायटिस सी असे, म्हणून ती टाकून द्यावी लागत. २०१३ च्या शेवटी सोफोसबुविर तेथे बाजारात आले; एक गोळी एक हजार डॉलरची, बारा आठवड्यांचा खर्च ८४,००० डॉलर. औषध आहे म्हटल्यावर २०१६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विषाणू नसलेल्या रुग्णांना त्यांची लेखी संमती घेऊन बाधित मूत्रपिंडे देण्यात आली. अपेक्षेप्रमाणे सर्वांना संसर्ग झाला, सर्वांना गोळ्या दिल्या, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालातले दहाच्या दहा रुग्ण विषाणूमुक्त झाले. जॉन्स हॉपकिन्समध्ये आणखी दहा जणांना शस्त्रक्रियेच्या आधीच पहिली गोळी देऊन पुढे बारा आठवडे औषध चालू ठेवले, तेव्हा एकालाही जुनाट संसर्ग जडला नाही. २०१९ साली बॉस्टनहून फुप्फुसे आणि हृदये यांचा अहवाल आला. त्यात शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच औषध सुरू करून अवघे चार आठवडे दिले होते, आणि ज्या पहिल्या ३५ रुग्णांचे सहा महिने पूर्ण झाले त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्तात विषाणू उरला नव्हता. २०२२ साली मूत्रपिंडविकारांच्या ‘केडीगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मंडळाने, औषध हाताशी असेल तर बाधित मूत्रपिंडाचा विचार बाधित आणि अबाधित अशा दोन्ही रुग्णांसाठी करावा, असे सांगितले.

आता औषध संपण्याबद्दल. येथे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. अशा शरीरात हा विषाणू मोकाट सुटला तर क्वचित प्रसंगी काही आठवड्यांत यकृत निकामी करू शकतो. तेव्हा ‘बघू, मिळतील गोळ्या’ या भरवशावर असे मूत्रपिंड घेऊच नये. गोळ्यांचा पूर्ण कोर्स शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाच्या कपाटात असला पाहिजे. आपल्याकडे २०१४ च्या परवाना करारानंतर भारतीय कंपन्यांनी हे औषध फार स्वस्त केले आहे, त्यामुळे ही अट अवाजवी नाही. ती पूर्ण होत नसेल तर वहिनींचे ‘नाही’ बरोबर आहे.

आणखी एक सूचना. आपल्या भागात ॲसिडिटीची गोळी घेण्याची सवय फार आहे. उपचारात वेल्पाटासविर हे औषध असेल तर त्या गोळीने ते अंगी नीट लागत नाही. क्षयाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर या औषधांचा परिणामच निघून जातो. रुग्णाने काय काय खाल्ले, हे लपवू नये.

एआरटी_समुपदेशक

एचआयव्हीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. तेथे विषाणू बरा होत नाही, केवळ दाबला जातो, म्हणून विचार वेगळ्या वाटेने झाला: बाधित दात्याचा अवयव बाधित रुग्णालाच. २००८ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात शल्यविशारद एल्मी म्युलर यांनी ही सुरुवात केली, कारण तेथे एचआयव्ही असलेल्या रुग्णांना डायलिसिस मिळणेच दुरापास्त होते. अमेरिकेत असे करणे गुन्हाच होता. २०१३ च्या ‘होप’ कायद्याने ती बंदी उठली, २०१६ साली पहिली शस्त्रक्रिया झाली, २०१९ साली एचआयव्हीसह जगणाऱ्या एका स्त्रीने जिवंतपणी मूत्रपिंड दिले. २०२४ साली १९८ रुग्णांच्या अभ्यासात बाधित आणि अबाधित दात्यांच्या मूत्रपिंडांचे परिणाम जवळपास सारखेच आढळले. त्यातही दात्याकडून विषाणूचा दुसरा, औषधांना न जुमानणारा प्रकार येण्याची शक्यता तपासावी लागते.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचे मूत्रपिंड कमजोर झाले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “आमच्यावाल्यायले कोन घेईन जी यादीत?” एचआयव्ही आहे एवढ्याच कारणाने उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे त्यांना सांगताना मला बरे वाटले, पण उघडी ठेवलेली ती फाइल वाचून कायदा आणि टेबल यांच्यातले अंतर पुन्हा आठवले. गुरुजी, त्या प्रकाराची लेखी तक्रार अवश्य करा.

सहा_वर्षे_झाली

पत्नीच्या मूत्रपिंडावर मी सहा वर्षे जगत आहे, म्हणून अनुभवाचे लिहितो.

ज्या विषाणूंची नावे ऐकून लोक घाबरतात त्यांच्यापैकी एकही मला झाला नाही. मला पाडले ते सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूने, ज्याला दवाखान्यात सीएमव्ही म्हणतात. तो आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात लहानपणापासून निजलेला असतो आणि कोणाला पत्ताही नसतो. चौथ्या महिन्यात ताप आला, तोंडाची चव गेली, पातळ संडास सुरू झाली, पांढऱ्या पेशी उतरल्या. सोयाबीन काढणीचे दिवस होते. घरचे सगळे शेतात, आणि मी ओसरीवर थर्मामीटर धरून बसलेला. १००.४ दिसले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले आठवले, की शंभराच्या वर गेला तर घरची पॅरासिटामॉल खाऊन झोपायचे नाही. त्याच रात्री गाडी करून गेलो. व्हॅलगॅन्सिक्लोविरच्या गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागल्या. औषध गुणकारी आहे, पण महाग आहे, आणि योजनेत शस्त्रक्रिया बसली तरी नंतरच्या अशा खर्चाला खिसा आपलाच लागतो.

भावाला सांगा, दात्याच्या विषाणूचा विचार जरूर करा, पण स्वतःच्या अंगातल्याचाही करा. आणि हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे काय? डायलिसिसवरच्या माणसाला ती दुप्पट मात्रेत द्यावी लागते, आणि नंतर प्रतिपिंडे मोजून पाहावी लागतात, कारण पुष्कळांना ती नीट लागतच नाही. ती लागलेली असेल तर पुढे एखादा जुना बी-संसर्ग झालेला दाता आला तरी दार बंद होत नाही.

झाडीपट्टी

एका मर्यादेची नोंद येथे असावी असे वाटते. सर्वच विषाणूंना ‘औषध आहे, घेऊन टाकू’ हा न्याय लागू नाही. २००४ साली अमेरिकेत एका दात्याचे यकृत आणि दोन मूत्रपिंडे तीन रुग्णांना बसवली, आणि चौथ्याला त्याच्या रक्तवाहिनीचा तुकडा बसवला. चौघेही रेबीजने दगावले. त्या दात्याला वटवाघूळ चावल्याचे नंतर उघड झाले. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर उपचार नाही, हे आपल्या भागात कोणाला सांगण्याची गरज नाही.

म्हणून ताप, भ्रम, झटके येऊन मेंदूज्वराने गेलेला आणि कारण न सापडलेला दाता कोणीही घेत नाही. आमच्या धानपट्ट्यात जपानी मेंदूज्वर माहीत आहे, आणि चांदीपुरा हा विषाणू तर १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील रुग्णांच्या रक्तातच प्रथम सापडला. नातेवाईक समन्वयकाला ‘अपघात झाला’ एवढेच सांगतात आणि त्याआधी तीन दिवस ताप होता, किंवा महिन्यापूर्वी कुत्र्याने चावा घेतला होता, हे सांगायचे राहून जाते. दुःखाच्या घडीला ते आठवतही नाही. तरी विचारले तर सांगावे. तेवढ्यावर चार जीव अवलंबून असतात.

निंबाचा_पार

वैद्यांचे उत्तर वाचले. औषध आधी कपाटात हवे, ही अट त्यांनी स्वतःच घातली, त्यामुळे माझा निम्मा आक्षेप मिटला. उरलेला निम्मा असा, की संमतीचा कागद इंग्रजीत असतो आणि सही पहाटे तीन वाजता घेतात. तो कागद मराठीत, आणि अवयव उपलब्ध होण्याच्या कित्येक महिने आधी, घरच्यांना शेजारी बसवून वाचून दाखवला गेला पाहिजे. तसे होत नाही तोवर मी पारावर माझेच म्हणणे मांडत राहीन.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आम्ही आठ दिवसांनी गेलो ते हा धागा छापून घेऊनच गेलो. भावाच्या पत्नीने दोनच प्रश्न विचारले: गोळ्या कोठे ठेवलेल्या असतील, आणि पहिली गोळी शस्त्रक्रियेनंतर किती तासांनी मिळेल. समन्वयकाने प्रामाणिकपणे सांगितले की, त्यांच्याकडे अशी मूत्रपिंडे आजवर आधीच बाधित असलेल्या रुग्णांनाच दिली जातात; अबाधितासाठी त्यांच्या समितीने अजून पद्धत ठरवलेली नाही. त्यामुळे आमच्यापुरता तो प्रश्न तूर्त मिटला. नाव यादीत आहे. मायच्या गोळ्या मात्र सोमवारपासून सुरू झाल्या.

पूर्णाकाठ (धागाकर्ता), साडेसहा महिन्यांनंतर

धागा वर काढत आहे.

मायच्या गोळ्या बारा आठवडे चालल्या. बाटल्या तिने देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. तिला आकडे वाचता येतात, अक्षरे फारशी येत नाहीत. रोज गोळी घेतली की कालनिर्णयवर पेन्सिलीने एक टिंब द्यायची. ८४ टिंबे झाली. मध्ये एक दिवस टिंब दिसेना तेव्हा घरभर गोंधळ झाला, पण गोळी घेतलेली होती, पेन्सिलच पोराने नेली होती. त्यानंतरचे बारा आठवडे आम्हाला जास्त जड गेले, कारण करण्यासारखे काहीच नव्हते.

मागच्या गुरुवारी आरएनएचा अहवाल आला: विषाणू आढळला नाही. यकृत किती कडक झाले ते पाहणारा फायब्रोस्कॅन समाधानकारक आहे. प्रतिपिंडे वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे पॉझिटिव्हच आहेत, आणि खरोखरच एका खिडकीवर त्या कागदावरून अडवलेही. मी दुसरा कागद पुढे केला. मायचे मूत्रपिंड किती काम करते त्याची डीटीपीए तपासणी येत्या बुधवारी आहे. भावाचा डायलिसिस चालू आहे, मध्ये एकदा फिस्टुला बंद पडून नवा करावा लागला.

आता वेगळीच अडचण आली आहे. मायचे आधारवरचे नाव आणि भावाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे आईचे नाव जुळत नाही. दाखल्यावर तिचे माहेरचे नाव पडले आहे, आणि तो दाखला आमच्याच शाळेचा आहे. नाते सिद्ध करायला काय लागेल, कोणास ठाऊक असल्यास कळवावे.

जुना_कारकून

तहसीलमध्ये तीस वर्षे काढली, त्यामुळे हे मला सांगता येईल. आई ही कायद्याने जवळची नातेवाईक आहे, तेव्हा प्रकरण रुग्णालयाच्या सक्षम अधिकाऱ्याकडेच निकाली निघते. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत नात्याच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, विवाहाचा दाखला यांच्याबरोबर उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा किंवा सरपंचाचा नात्याचा दाखलाही चालतो असे लिहिले आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करा, शिधापत्रिकेची प्रत जोडा, आणि सरपंचाच्या दाखल्यात दोन्ही नावे शब्दशः घालून घ्या. एवढ्यावरही शंका उरली तर डीएनए चाचणी मागतात.

आणखी एक. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती, अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असा नियम आहे, आणि मुलाखतीचे चित्रीकरण होते. त्या वेळी मायला एकटीलाच बोलू द्या. तिची वऱ्हाडी त्यांना समजेल, तुम्ही मध्ये भाषांतर करू नका.

सरपंचाचा दाखला सोमवारीच घ्या, मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो आणि कोणी जागेवर सापडत नाही.